नाथांची डोण आणि आप्पांची छागळ

त्या चैत्रात माझा नाथांवरचा विश्वास पार डळमळला होता, हे आधीच कबूल करून टाकते. पुढचं सगळं सांगताना माझी मान ताठ होणार आहे, तेव्हा सुरुवातीलाच ती थोडी खाली घातलेली बरी.

माझं माहेर पाथर्डीच्या बाजूला, गर्भगिरीच्या उघड्याबोडक्या डोंगरांत. सासर देवळाली प्रवऱ्याला. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली, पण एकातून दुसरीकडे जाताना मुलूख बदलल्यासारखा वाटतो. सासरी मळ्याच्या कडेने पाट वाहतो, जिकडे बघावं तिकडे ऊस. माहेरी काळा खडक, कुसळाचं गवत आणि बोरी-हिवराची काटेरी झुडपं. मी प्राथमिक शाळेत शिकवत असे, म्हणून सासूबाई मला मास्तरीणबाई म्हणायच्या, आणि माहेरावरून चिडवायची एकही संधी सोडायच्या नाहीत. तांब्यातलं पाणी मी जपून ओतताना दिसले की म्हणायच्या, "वता की मास्तरीनबाई. हितं काय तुमच्या म्हायेरावानी पानी देवाला दाखवून पीत न्हाईत." सगळं घर हसायचं. मीही हसायचे, पण आतून चरफडायचे. कारण माझ्या त्या बोडक्या डोंगरावर एक गोष्ट अशी होती, जी त्यांच्या अख्ख्या बागायतीत शोधून सापडली नसती. ती म्हणजे नाथांचं रान.

डोंगराच्या माथ्याखाली एक घळ आहे आणि घळीच्या वरच्या टोकाला समाधी. नेमकी कोणत्या नाथांची, हे गावात कुणी छातीठोकपणे सांगत नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. समाधीभोवती सालई, धावडा, अंजन, पळस अशा झाडांचं रान उभं आहे. चारी बाजूंना डोळे पोळतील असा उजाड मुलूख आणि मधोमध हे एवढं रान. त्याला कधी कुंपण नव्हतं. पहिल्या पायरीच्या दगडापाशी वहाणा काढायच्या आणि तिथून अनवाणी वर जायचं. रानातली काडीसुद्धा खाली उतरत नाही. उतरताना बायका पदर झटकतात, पुरुष धोतराचा सोगा झटकतात, चुकून पान अडकलं असेल तर ते रानाचं रानात राहावं म्हणून. आणि समाधीपुढे कातळात कोरलेली एक डोण आहे. वर जाणाऱ्या प्रत्येकाने खालून पाणी न्यायचं ते समाधीवर घालायला नाही, या डोणीत ओतायला. ते पाखरांचं आणि जनावरांचं पाणी. डोण भिजल्याशिवाय समाधीला हात लावायचा नाही, आधी रान मग नाथ, अशी आमची रीत.

माझे वडील, आप्पा, या रानाचे राखणदार. सरकारी नव्हेत, गावाने नेमलेले. तीस वर्षं खांद्याला पाण्याची कॅनव्हासची छागळ अडकवून ते रोज त्या घळीत चढले. आई गेल्यावर एकटेच राहत. पण दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात त्यांना बांधावरची माणसं ओळखू येईनात, तेव्हा मी त्यांना देवळालीला आणलं. नगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेलाच होता. डाव्यात थोडी धुरकट नजर उरली होती, ती दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली, असं म्हणाले. आप्पांनी ते शांतपणे ऐकलं. म्हणाले, "तीस वर्सं जे बघितलं ते काय थोडं हाय?" मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मग फाल्गुनात ऊसतोडीला आलेला आमच्याकडचा एक ओळखीचा माणूस घरी येऊन गेला. सोप्यात बसून चहा पिता पिता बोलून गेला, "आप्पा, तुमचं रान गेलं बरं का. परवा गावाकडनं येताना यष्टीतनं बघितलं मी. डोंगर निस्ता बोडका. एक झाड दिसंना. लोकांनी तोडून न्हेलं आसंल, दुस्काळात कोन कुनाला धरतंय?"  त्या दिवसापासून आप्पांचं जेवण तुटलं. भाकरी समोर यायची, ते एक तुकडा मोडायचे आणि ताट बाजूला सारायचे. रात्रंदिवस एकच, "डोळं जायच्या आदी मला एकदा न्हेऊन बघू दे."

मी नाथांशी मनातल्या मनात खूप भांडले. ज्याने तुझं रान राखता राखता जन्म घालवला त्याचे डोळे नेतोस, आणि जाता जाता रानही नेतोस? कोणी नास्तिक सहज बोलेल असं मी बोलले. आप्पा तीन आठवड्यांत इतके खंगले की रान पडलेलं बघून ते तिथेच कोसळतील, असं वाटायचं. आणि नेलं नाही तर उपासाने जातील, हेही दिसत होतं.

सासूबाईंनी मला परसात गाठलं. म्हणाल्या, "त्यास्नी कुठं धड दिसतंय? न्यायचं, झाड हाय म्हनून सांगायचं नि आनायचं." मला त्यांचा राग आला. राग यायचं खरं कारण असं की हाच विचार माझ्याही मनात आदल्या रात्रीपासून घोळत होता. रविवारी जायचं ठरवलं तर सासूबाई म्हणाल्या, "मी बी येनार. बारा वर्सं तोरा मिरवतीस त्या डोंगराचा, बघू तरी हाय काय."

पहाटेच्या एसटीने राहुरीहून नगर, नगरहून पाथर्डीची गाडी. करंजीचा घाट चढून आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. डोंगराखाली आमच्या गावची विहीर आहे, तिच्या तळाला भेगा पडलेल्या. गाव सगळं पाझर तलावाच्या कामावर गेलेलं; दूर माळावर धुळीचा एक लोट तेवढा दिसत होता. आम्ही आडवाटेने थेट डोंगराकडे निघालो. पाणी देवळालीहून आणलं होतं. आप्पांच्या छागळीत आणि सासूबाईंच्या पितळी तांब्यात. छागळ माझ्या खांद्यावर, आप्पांचा हात माझ्या दुसऱ्या खांद्यावर.

वळण घेतलं आणि डोंगर समोर आला.  घळीच्या जागी नुसता करडा-तपकिरी उतार. हिरवं म्हणून एक पान नाही. माहेरी मी यायचे ती दिवाळीला, तेव्हा घळ कशी गच्च भरलेली असायची. आप्पांनी विचारलं, "काय दिसतंय ग?" मी म्हणाले, "लांब आहे अजून, आप्पा." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. काय सांगायचं ते आता ठरल्यासारखंच झालं.

पायरीच्या दगडापाशी आम्ही वहाणा काढल्या. सासूबाईंचे पाय पाटाच्या चिखलात मऊ झालेले, तापल्या खडकावर त्या "आई ग, आई ग" करत नाचायला लागल्या. आप्पांना त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. "दगडाच्या सावलीच्या बाजूनं चला, विहीनबाई," ते म्हणाले. "पायाला कळतं मग कुठं पडायचं ते." आणि खरंच, ते स्वतः असे चढत होते की डोळे आमचे गेलेत आणि त्यांचे शाबूत आहेत असं वाटावं.

अर्धी चढण झाली तेव्हा वास आला. उन्हात तापलेल्या सालईच्या डिंकाचा, देवघरातल्या धुपासारखा. आप्पा जागीच थांबले. नाकपुड्या फुगवून त्यांनी श्वास घेतला आणि माझा खांदा सोडून पुढे गेले. हात पुढे करून चाचपत होते. हात एका बुंध्याला लागला. साल कागदासारखी सुटलेली, खाली हिरवट गुळगुळीत अंग. सालई. तिच्यामागे दुसरी, तिच्या पलीकडे धावडा, मग अंजन. सगळी उभी होती. पानं तेवढी नव्हती. त्या वर्षी पाण्यावाचून रानाने पार शेवटच्या पानापर्यंत सगळं टाकून दिलं होतं, आणि खडकाच्याच रंगाची होऊन झाडं खडकाला लागून उभी होती. एसटीच्या खिडकीतून काय, मला पायथ्यापासूनही ती दिसली नव्हती. मी, राखणदाराची मुलगी! मला खोटं बोलावं लागलं नाही.

आप्पा मात्र एवढ्याने खूश होणारे नव्हते. ते एकेका झाडापाशी वाकून बुंध्याला अगदी जमिनीपर्यंत हात फिरवत होते, कुऱ्हाड जिथे लागते तिथे. घाव कुठेच नव्हता. मग घळीच्या मधोमध मला ते दिसलं. गेल्या वळवात पडलेला एक मोठा धावडा आडवा होता. वाळून खडखडीत, फांद्यांसकट अख्खा. धावड्याच्या लाकडासारखा जाळ दुसऱ्या लाकडाचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आणि खाली गावात त्या उन्हाळ्यात बाया रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी भाजायला शेणाची एकेक गोवरी मोडून पुरवत होत्या. राखणदार चार महिने गावात नाही, कुंपण नाही, विचारणारं कोणी नाही. तरी त्या लाकडाची एक फांदीही कुणी मोडली नव्हती. डहाळ्या-डहाळ्यांवरची साल जशीच्या तशी.

मी सासूबाईंकडे वळून म्हणाले, "बघा. हे आमचं माहेर." एवढंच. बारा वर्षांचं उत्तर मी त्या चार शब्दांत दिलं. सासूबाई त्या लाकडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या लुगड्याला एक काटकी अडकली होती. त्या खाली बसल्या, काटकी न मोडता हळूच सोडवली आणि जागच्या जागी ठेवली. मला चिडवलं नाही.

घळीच्या वरच्या अंगाला पळस फुललेले होते. अंगावर पान नाही, पण फुलं अशी की डोळ्यांत भरावीत. आप्पांनी डावा डोळा त्या बाजूला धरला आणि म्हणाले, "तांबडं हाय." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माझ्याही. त्या उघड्या डोंगरावर, त्या भाजत्या उन्हात, मला वाटलं की या मातीत जन्म दिलास, नाथा, याहून जास्त काही मागू नये.

इथेच थांबले असते तर माझी गोष्ट नुसती तोऱ्याची झाली असती. पण पुढे डोण होती.

डोण कोरडी ठणठणीत होती. तळाला पांढरी धूळ आणि एका मेलेल्या होल्याची पिसं. आप्पांनी सासूबाईंच्या तांब्यातलं पाणी ओतलं. त्याने तळ नुसता काळा झाला आणि बघता बघता कातळाने ते पिऊन टाकलं. आप्पांनी बोटं फिरवून पाहिली. "येवढ्यानं पाखराची चोच बी भिजायची न्हाई," ते म्हणाले. "छागळ दे."

मी छागळ घट्ट धरली. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. तीन आठवड्यांचा उपाशी म्हातारा, उतरायचा अख्खा डोंगर, खाली विहीर कोरडी. माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट सांगते. रान बघून झालं, आप्पांचं मन निवालं, आता पाखरांसाठी बापाला मारू का? आणि मी म्हणाले, "छागळ संपली, आप्पा. वाटेत प्यायलो ना आपण."

समाधीपासून चार हातांवर उभं राहून, राखणदाराच्या मुलीने राखणदाराला सांगितलेलं ते खोटं. दुपारभर रानाच्या इमानाचा डंका पिटणारी मी, आणि बेइमानी केली ती मीच. आप्पांनी बोटं धोतराला पुसली. मग समाधीकडे तोंड करून हात जोडले, पुटपुटत काहीतरी बोलले आणि तसेच उभे राहिले. डोण भिजलेली नव्हती, म्हणून समाधीला हात लावेनात.

सासूबाई उठल्या. माझ्या खांद्यावरून छागळ अलगद काढून घेतली. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी असं काही बघितलं की मी सोडला. बूच काढून त्यांनी ती अख्खी छागळ डोणीत उपडी केली. आणि मोठ्याने म्हणाल्या, "पाव्हणं, माज्या तांब्यात ऱ्हायलं हुतं बरं का थोडं. ध्यानातच न्हाई आलं." माझी लाज त्यांनी अशी झाकली. बारा वर्षं पाण्यावरून मला टोमणे मारणाऱ्या बाईने. आप्पांनी डोणीत हात घातला, पाणी मनगटापर्यंत आलं. मग त्यांनी समाधीला हात लावला. मी मात्र लांबूनच नमस्कार केला.

उतरताना जे व्हायचं तेच झालं. घळ ओलांडून पाव डोंगर खाली आलो नाही तोच आप्पांचा पाय लटपटला. अंजनाच्या बुंध्याला टेकवून बसवलं तर अंग तव्यासारखं तापलेलं, घाम नाही, जीभ ओठाबाहेर. मला आईच्या नावाने हाक मारायला लागले. सासूबाईंनी पदराने वारा घालायला सुरुवात केली. मी उताराच्या कडेला धावत जाऊन माळाच्या दिशेने ओरडले, घसा फाटेपर्यंत ओरडले. तो धुळीचा लोट तिथेच होता, कोसभर लांब. माझा आवाज त्या खडकांतच विरून जात होता. कुठून तरी पाणी आण म्हणून सासूबाईंनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला तेव्हा मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं. त्यांच्यावर नाही ओरडले, नाथांवर ओरडले. मोठ्याने. "पाणी तुलाच दिलं ना? आता बघ की!" असं म्हणून मी तिथेच खडकावर बसले. काही सुचत नव्हतं. माझ्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि असं मला आयुष्यात त्याआधी कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात वर समाधीकडे मोर ओरडला. मग दुसरा. मग तित्तरांचा कालवा, सातभाईंची भांडणं. आम्ही चढलो तेव्हा ज्या रानात पंखाचा आवाज नव्हता तिथे एकाएकी बाजार भरल्यासारखा गलका झाला. कुठून कुठून पाखरं येत होती. होल्यांचा एक थवा आमच्या डोक्यावरून सूं करून गेला. आप्पांनी डोळे मिटल्या मिटल्याच मान त्या बाजूला वळवली. मला त्या आवाजाचाही राग आला. माझ्या बापाचं पाणी पिताहेत, एवढंच मनात आलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पल्याडच्या उतारावरून दगड घरंगळले आणि एक धनगराची बाई वर आली. उंच, काळीसावळी, काष्टा मारलेला, खांद्यावर भोपळ्याचा तुंबा, मागे तीन-चार शेळ्या. काही न विचारता ती आप्पांपाशी बसली. तुंब्यातल्या पाण्याने त्यांचं पागोटं भिजवून डोक्यावर ठेवलं, ओठांवर थेंब थेंब सोडलं. "येकदम देऊ नगा, उलटंल," म्हणाली. मग एक शेळी ओढून तांब्यात धार काढली आणि त्या दुधात पाणी घालून घोट घोट पाजलं. बऱ्याच वेळाने आप्पांच्या कपाळावर घाम फुटला. तो घाम बघून मी रडले तशी आईच्या वेळीही रडले नव्हते.

जरा स्थिरावल्यावर तिने आप्पांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "आगं बया, राखनदार न्हवं का हे?"

मी विचारलं, "बाई, तुम्ही कशा आलात इकडे? मी ओरडले ते ऐकलंत?"

"न्हाई बा," ती म्हणाली. "वारं तिकडनं हाय, वरडनं कुठलं ऐकू येतंय? मी पल्याडच्या वघळीत हुते. तितं खड्डा उकरलाय, तासाला तुंबाभर पानी झिरपतंय. आमचं मानूस मेंढरं घिऊन गेलंय लांब, मी हितंच ऱ्हायले चार शेरडांपायी. आदी म्या बी डोनीत घालत हुते पानी. पन दोन म्हयनं झालं, शेरडांलाच पुरंना. तवापास्नं रानात पाखरू न्हाई. आन् आज मोर वरडाय लागलं. म्हनलं, डोनीत पानी पडलं. पानी काय आपल्या पायानं चढत न्हाई, कुनीतरी मानूस आलंय. आन् येवढ्या उनाचं आलंय म्हंजी त्याच्यापाशी प्यायला बी ऱ्हायलं नसंल. म्हनून आले."

सासूबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं.  त्या पाण्याने काय केलं, ते मी इथे जसं घडलं तसं लिहिलं आहे. जास्त काही जोडत नाही.

आप्पांनी क्षीण आवाजात विचारलं, "रान कुनी राखलं?"

"कुनी राखलं म्हंजी?" ती बाई म्हणाली. "तुमी डोळं दावायला गेलासा, तवा समद्या गावानं नाथांच्या धुनीवर हात धरून सांगितलं, राखनदार म्हागारी येईपत्तूर पान सुदिक उतरायचं न्हाई. आमी धनगरं बी हुतो की तितं." मग हसून म्हणाली, "मला वळाकलं का? माजी शेरडं रानात शिरली हुती, तवा तुमी दंड केल्ता. सात खेपा पानी डोनीत घालाय लावलं हुतं."

आप्पा हसले. "आज आटवी खेप झाली तुजी," ते म्हणाले.

तिने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून आप्पांना खाली आणलं. पायरीच्या दगडापाशी आम्ही सगळ्यांनी पदर झटकले. सासूबाईंनी तर दोनदा झटकला. संध्याकाळी कामावरून परतलेलं गाव आमच्या ओट्यावर गोळा झालं. पोटं पाठीला लागलेली माणसं. आप्पांनी सगळ्यांना हात जोडले, तर एक म्हातारा रागावलाच. "आमाला काय हात जोडतू? तुझं हाय का रान?" त्या रात्री आप्पा गावच्या पंगतीला बसले आणि अख्खी भाकरी जेवले. मिलोची लाल, घशात अडकणारी भाकरी. मीही जेवले, आणि तिच्यासारखी गोड भाकरी मी बागायतीत कधी खाल्ली नाही.

आप्पांचे डोळे दिवाळीच्या आधीच गेले. ते आमच्याकडेच राहिले. सासूबाईंनी कुठून तरी एक दगडी डोण आणवून परसात ठेवली होती. रोज सकाळी ती स्वतः भरायच्या, आणि मला पाणी जपून वापरण्यावरून बोलणं त्यांनी त्या उन्हाळ्यातच सोडलं होतं. आप्पा त्या डोणीशेजारी बसून पाखरं ऐकायचे. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं भांडण झालं, सगळं सांगायचे.

माझं खोटं मात्र मला खात होतं. एका सकाळी धीर केला. त्यांच्यापाशी बसून म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी छागळ संपली नव्हती. मी खोटं बोलले."

"मला ठावं हाय," आप्पा म्हणाले.

मी विचारलं, "कसं काय?"

"तीस वर्सं वागवली ती खांद्यावर. भरलेली छागळ चालताना कशी वाजती नि रिकामी कशी, हे डोळ्यानं बघावं लागतं व्हय? आन् छागळीतनं पडलेलं पानी तांब्यागत वाजत न्हाई, पोरी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू दिलं असतंस. पन ते माझ्या धाकाचं पानी झालं असतं. आन् तू भ्यालीस ती माझ्याच जिवाला भ्यालीस, त्यावर काय बोलू? मी नाथांस्नी म्हनलं, हे आता माझ्या हातातलं न्हाई. तुमचं तुमी बघा. त्यांनी बघितलं."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "पाव्हणं, नाथांचं नाव पुढं करून माजं पुन्य कमी करू नगा. छागळ म्या वतली हुती!" आणि आप्पा इतके हसले की डोणीवरच्या साळुंक्या उडून गेल्या.

आता ते दोघेही नाहीत. अजूनही मला माझ्या डोंगराचा, माझ्या गावाचा, त्या उपाशी माणसांनी न मोडलेल्या लाकडाचा तोरा आहे आणि तो राहणार. पण तोऱ्याबरोबर ते खोटंही आठवतं, आणि ज्या नाथांशी मी भांडले त्यांनी माझ्यावर रागावण्याऐवजी माझ्या सासूचा हात पुढे केला, हेही आठवतं. दरवर्षी चैत्रात मी वर जाते. आप्पांची छागळ माझ्या खांद्यावर असते, आणि चढताना तिच्यातलं पाणी वाजत असतं. वर पोचले की ती डोणीत पुरती रिकामी करते, परतीला घोटभरही ठेवत नाही, आणि मगच समाधीला हात लावते.